मुलाम्याचा तयार संच: जुन्या सोनेरी आरशासाठी किती कामाचा?

वर रंगीत नक्षीची काच, खाली आरसा आणि भोवती सोनेरी चौकट. १८ व्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १८३० पर्यंत इंग्लंड-अमेरिकेत अशा आरशांची चलती होती, आणि आज ते दुरुस्त करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा मुलाम्याचा तयार संच उचलतो. संचात सहसा सात वस्तू असतात: १४ सेंटिमीटर चौरस नकली वर्खाची २५ पाने, पाण्यात मिसळणारा चिकट द्रव, लाल अस्तराचा रंग, वार्निश, 'अँटिक' दिसावे म्हणून तपकिरी लेप, मऊ ब्रश आणि हातमोजे. नव्या चौकटीवर किंवा प्लास्टरच्या शोभेच्या वस्तूवर हा संच छान काम देतो. जुन्या आरशावर मात्र यातले ब्रश आणि हातमोजे बिनघोर वापरा, चिकट द्रव आणि वर्ख क्वचित वापरा, आणि वार्निश व तपकिरी लेप यांची झाकणेही उघडू नका.

हे कडक वाटेल, पण त्याला कारण आहे. अशा आरशात चार वेगवेगळे पदार्थ एकमेकांना खेटून बसलेले असतात. लाकडावर सरस आणि खडूचे अस्तर, त्यावर सोने. काचेच्या पाठीवर रंग. आरशाच्या पाठीवर कथील आणि पारा. आणि नक्षीत खडू, सरस, जवसाचे तेल व राळ यांचा ओतीव लगदा. एकाला मानवते ते दुसऱ्याला मारते. संच बनवणाऱ्याने मात्र सगळे एकच पृष्ठभाग समजून बाटल्या भरलेल्या असतात.

वर्ख उघडण्याआधी चौकटीवर खरे सोने आहे की कोणी मागाहून सोनेरी रंग फासला आहे, ते पाहावे. दहापट भिंग पुरते. रंगात बारीक चमकदार कण आणि ब्रशचे ओरखडे दिसतात, खाचांत हिरवट-तपकिरी काळवंडलेले असते, कारण त्या रंगात तांब्याची पूड असते. सोन्याचा वर्ख सलग, गुळगुळीत दिसतो आणि दर ८० ते ८५ मिलिमीटरवर दोन पाने एकमेकांवर चढल्याची पुसट रेघ सापडते. ही रेघ १४ सेंटिमीटरवर असेल तर तो पितळी वर्ख. पुढची चाचणी पाण्याची: दिसणार नाही अशा कोपऱ्यात, पाण्याने जेमतेम ओलावलेल्या कापसाच्या काडीने एकच फेर. कापसावर लाल किंवा पिवळी माती आली तर तिथे पाण्याचा मुलामा आहे, म्हणजे सरस-मातीच्या थरावर पाणी फिरवून बसवलेले सोने, आणि त्या भागाला पाणी वर्ज्य. काहीच आले नाही तर बहुधा तेलाचा मुलामा, म्हणजे तेलाच्या चिकट लेपावर बसवलेले सोने. तो पाणी सोसतो, पण अल्कोहोल आणि ॲसिटोन त्याला उचलतात. एकाच चौकटीत दोन्ही असणे अगदी नेहमीचे आहे: चकचकीत गोलाई पाण्याची, मंद सपाटी आणि नक्षी तेलाची. म्हणून चाचणी एकदा नव्हे, प्रत्येक कंगोऱ्यावर करावी. काजळी आणि मेणासारखा मळ पाण्याच्या मुलाम्यावरून व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या पेट्रोलियम द्रावकाने) निघतो. काडी घासायची नाही, फिरवायची, आणि मळ दिसताच बदलायची.

आता संचातला लाल रंग. डब्यावर 'बोल' लिहिलेले असले तरी आत बहुधा ॲक्रिलिक असते. खरा बोल म्हणजे सरसात कालवलेली अतिशय बारीक माती. वर्ख ठेवण्याच्या क्षणी तिच्यावर पाणी आणि अल्कोहोल फिरवले की आतला सरस जागा होतो आणि पान खेचून घेतो. वाळल्यावर अकीकाच्या दगडाने घोटले की माती दबते आणि सोने आरशासारखे होते. ॲक्रिलिकमध्ये यातले काहीच होत नाही. एकदा वाळले की ते पाण्याने जागे होत नाही आणि घोटायला गेलात तर वर्ख फाटतो. म्हणजे मूळ चौकटीत घोटलेला भाग असेल तर या रंगावर केलेली दुरुस्ती शेजारी कायम मुकी दिसणार. वर ॲक्रिलिक जुन्या छिद्राळ खडूत शिरून बसते, पुढे काढताना मूळ अस्तर घेऊन निघते.

त्याऐवजी घ्यायचे काय? सशाच्या कातड्याचा सरस, धुतलेली बारीक खडूची पूड आणि खरा बोल. सरस ३५ ग्रॅम, पाणी ५०० मिलिलिटर. रात्रभर गार पाण्यात फुगू द्यावा, मग गरम पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून वितळवावा. ६० अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचा नाही. उकळलेल्या सरसाची ताकद जाते आणि अस्तर वाळल्यावर बोटाला पिठासारखे लागते. खडू वरून चाळणीने भुरभुरावा, तो बुडत बुडत पृष्ठभागाच्या किंचित खाली थांबला की पुरे. ढवळायचे हलके, फेटायचे अजिबात नाही. फेटले की हवेचे बुडबुडे अडकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाताला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसू लागतात. ती लगेच ओल्या बोटाने चोळून बुजवावीत, कारण पुढचा हात ती बुजवत नाही, मोठी करतो. नव्या लाकडावर आठ-दहा हात लागतात, पण खड्डा भरताना त्याच्या खोलीपुरतेच द्यावेत. वरचा हात खालच्यापेक्षा सरसाने तगडा झाला की वाळताना तो आकसतो आणि खालच्याला सोलून वर येतो. भेगांचे जाळे दिसले की बहुतेक वेळा हेच झालेले असते.

बोलाचे चार-पाच हात, मग तीन भाग पाणी, एक भाग अल्कोहोल आणि काही थेंब सरसपाणी फिरवून वर्ख. घोटण्याची वेळ घड्याळावर ठरत नाही, हवेतल्या ओलाव्यावर ठरते. अकीकाने हलकेच टकटक करून बघावे: बद्द आवाज आला तर आत ओल आहे, खणखणीत आला तर घोटायला घ्यावे. घाई केली तर सोने मातीसकट ओरबाडले जाते, फार उशीर केला तर चकाकी येतच नाही.

संचातला वर्ख तांबे आणि जस्ताचा, म्हणजे पितळच. बोटाने उचलता येतो एवढा जाड असतो आणि नवशिक्याला हीच त्याची खूण गोड वाटते. पण तो उघडा राहिला की काळवंडतो, म्हणून वर वार्निश लागते, आणि वार्निश लावले की शेजारच्या उघड्या सोन्याशी त्याची चमक जुळत नाही. २३ कॅरेटच्या आसपासचा खरा वर्ख सुमारे ०.१ मायक्रोमीटर जाड असतो. बोट लावलेत तर बोटालाच लागतो. त्याला गादी, सुरी आणि खारीच्या केसांची चपटी कुंची लागते. कागदावर दाबून बसवलेला वर्खही मिळतो आणि तो हाताळायला सोपा आहे, पण तो फक्त चिकट थरावर चालतो. पाण्याच्या मुलाम्याला सुटाच वर्ख हवा. खरेदी करताना ही चूक फार होते.

चिकट द्रवाबद्दल थोडे बरे बोलता येईल. तो पंधरा-वीस मिनिटांत दुधी रंग सोडून पारदर्शक होतो आणि बराच वेळ चिकट राहतो, त्यामुळे नव्याने ओतलेल्या सुट्या नक्षीवर वर्ख लावायला सोयीचा आहे. मूळ भागावर मात्र जवसाच्या तेलाचा, १२ तासांचा पारंपरिक चिकट लेपच घ्यावा. जितका सावकाश वाळणारा तितका तो सपाट पसरतो आणि वर्खाखाली ब्रशच्या रेघा दिसत नाहीत. बोटाचा मागचा सांधा टेकवून उचलला की लेप हाताला लागू नये, पण 'टक्' असा बारीक आवाज यावा. तेव्हा वर्ख ठेवावा. ओल्या लेपावर ठेवलेले सोने बुडून निस्तेज होते.

खरे तर झिजलेल्या कडा आणि नखाएवढ्या जागांसाठी वर्ख लागतच नाही. सोनेरी अभ्रकाची पूड अरबी डिंकाच्या पाण्यात कालवून, खाली जलरंगाने लालसर-पिवळा पाया देऊन लावली तर दोन हातांच्या अंतरावरून जागा मिसळून जाते. अभ्रक काळवंडत नाही आणि उद्या नको वाटले तर पाण्याच्या थेंबाने निघते. सगळ्या संचापेक्षा ही एक डबी जास्त उपयोगाची.

तपकिरी 'अँटिक' लेप का नको? काही लेपांत डांबर असते. ते कधी पूर्ण वाळत नाही, धूळ धरून ठेवते आणि काही वर्षांत खाचांमध्ये काळे चिकट कीट साचते. नवे सोने फार झगझगीत वाटले तर उंचवट्यांवर कोरड्या कापसाने हलके घासून खालची लाल माती डोकावू द्यावी आणि वर पातळ सरसपाण्यात किंचित माती कालवून एक हात फिरवावा.

नक्षीचा तुकडा गेलेला असेल तर शेजारच्या शाबूत तुकड्याचा साचा दोन भागांच्या सिलिकॉन लगद्याने, समसमान मिसळून घ्यावा. त्याआधी तिथले सोने पक्के आहे ना ते बघावे. सुटे असेल तर साचा ते सोलून नेतो.

आता रंगीत काचेकडे. संचातले वार्निश सर्वांत मोठा घात करते ते इथेच. पोपडे धरलेल्या काचेच्या पाठीवर 'रंग पक्का बसावा' म्हणून ते लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. हे चित्र उलटे रंगवलेले असते: आधी वर्ख आणि बारीक रेघा, मग उजेड-सावल्या, शेवटी पार्श्वभूमी. म्हणजे आपण समोरून जो पहिला थर पाहतो तो काचेला चिकटलेला असतो आणि पाठीवरचा थर सर्वांत शेवटचा. सोन्याच्या वर्खात नक्षी कोरून मागे काळा किंवा निळा रंग दिलेल्या कामाला पॅरिसचा चौकटकार झां-बाप्तिस्त ग्लोमी याच्या नावावरून 'एग्लोमीझे' म्हणतात, जरी ही रीत त्याच्याहून कितीतरी जुनी आहे. काच गुळगुळीत, रंगाला पकडायला काहीच नाही. तेल म्हातारे होऊन आकसले, हवेतला ओलावा काचेच्या पृष्ठभागाशी बसला, की रंग खपलीसारखा उचलतो. वार्निशाचे द्रावक ही खपली आधी मऊ करते आणि मग वाळताना वार्निश स्वतः आकसून तिला उरल्यासुरल्या काचेवरूनही ओढून काढते. सकाळी नीट दिसलेले चित्र संध्याकाळी गुंडाळी झालेले असते, आणि ते परत येत नाही.

योग्य काम असे. आरसा मऊ गादीवर पालथा घालावा, मागच्या फळीच्या चुका (बारीक खिळे) पक्कडीने सरळ वर ओढाव्यात. पक्कडीच्या जबड्याखाली पातळ पत्र्याची पट्टी ठेवली म्हणजे लाकूड दबत नाही. हातोडी वापरायची नाही, एका ठोक्यात दहा खपल्या गळतात. चुका एका पाकिटात, कोणती कुठली ते लिहून. काच बाहेर आली की रंगाची बाजू वर ठेवून, खालून उजेड देऊन दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत. पाठीला चिकटपट्टी नको, फुंकर नको, कापड तर नकोच. पुढची बाजूही फवाऱ्याने पुसू नये. पाणी कडेवरून मागे झिरपते. किंचित ओलावलेली काडी, आणि कडेपासून एक सेंटिमीटर आत थांबायचे.

खपली परत बसवायला पहिली निवड पॅरालॉइड बी-७२. ही ॲक्रिलिक राळ पिवळी पडत नाही आणि पुढेही विरघळते. तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचे माप) सुमारे १.४९ आणि साध्या काचेचा १.५२, दोन्ही जवळ असल्यामुळे भरलेली फट डोळ्याला दिसत नाही. १०० मिलिलिटर झायलिन या द्रावकात ५ ग्रॅम राळ कापडाच्या पुरचुंडीत लटकत ठेवली की रात्रीत विरघळते. ॲसिटोनही चालते, पण ते इतके झटकन उडते की फटीत बुडबुडे राहतात. आधी रंगाच्या एका टिकलीएवढ्या, कडेच्या खराब झालेल्या भागावर झायलिन लावून बघावे. रंग कापसावर आला तर हा मार्ग बंद, मग व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळणारी रेगलरेझ १०९४ ही राळ घ्यावी. झायलिनच्या वाफा वाईट, खिडक्या उघड्या आणि सेंद्रिय वाफांची गाळणी असलेला मुखवटा हवाच. एरवी बिनघोर वापरायचे संचातले पातळ हातमोजेही झायलिनपुढे टिकत नाहीत.

काच दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवून खाली एक छोटा आरसा ठेवावा, म्हणजे वरून काम करताना समोरची बाजू दिसत राहते. सुटलेली जागा समोरून करडी-चंदेरी दिसते. ती हवा आहे. शून्य-शून्य-शून्य नंबरच्या ब्रशने खपलीच्या एकाच कडेला थेंब टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो आणि खालच्या आरशात ती करडी जागा एका बाजूने सरकत सरकत गडद होत जाते, मूळ निळा किंवा काळा भरून येतो. दोन्ही कडांना थेंब दिलात तर हवा मधे कोंडते आणि चंदेरी बेट कायमचे राहते. खपली दाबायची नाही. द्रावकाने ती जरा नरम झाली की सिलिकॉन लावलेल्या पातळ फिल्मवरून मऊ ब्रशने नुसते टेकवायचे. २४ तास थांबून दुसरा फेर. सलग दिवसभर बसून उरकायचे हे काम नाही.

जिथे रंग गळूनच गेला आहे तिथे काचेवर नवा रंग लावू नये. जुन्या रंगाच्या कडेखाली तो शिरतो आणि जुने-नवे वेगळे करता येत नाही. आम्लरहित कागदावर जुळता रंग देऊन तो कागद काचेमागे ठेवावा. जवळ, पण टेकलेला नाही. फार दूर गेला तर बाजूने पाहताना भोक आणि रंग वेगळे सरकतात. तुटलेल्या सोनेरी रेघेसाठीही वर्ख वेगळ्या पारदर्शक फिल्मवर लावून मागे ठेवता येतो.

काचेला तडा असेल तर एचएक्सटीएएल (HXTAL) एनवायएल-१ हा इपॉक्सी, वजनाने ३ भागाला १ भाग, अपवर्तनांक १.५२, पक्का व्हायला सुमारे आठवडा. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि तड्यातून थेट रंगाखाली पळतो. त्यामुळे रंगाच्या भागातला तडा शक्यतो बी-७२ च्या घट्ट द्रावणानेच सांधावा.

मूळ काच पूर्ण गेली असेल आणि नवी करायची असेल तरीही संचातला वर्ख इथे लागू पडत नाही. पितळी वर्ख जाड असल्याने सुरकुत्या राहतात आणि पाण्याच्या चिकट द्रवाचे दुधी फराटे काचेतून थेट समोर दिसतात. अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ०० मापाच्या एका रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलचे द्रावण, खडूच्या लगद्याने घासून तेलकटपणा काढलेली काच आणि खऱ्या सोन्याचे दोन थर, दुसरा पहिला पूर्ण वाळल्यावर. जिलेटिन जास्त झाले की सोन्यावर साय दिसते, कमी झाले की मागचा रंग लावताना सोने पुसून निघते. काच पातळ, तोंडाने फुंकून केलेली मिळाली तर उत्तम. १९५९ मध्ये जाहीर झालेल्या फ्लोट पद्धतीची सपाट काच जुन्या चौकटीत लगेच परकी दिसते.

खालच्या आरशासाठी काही संचांत 'आरसा इफेक्ट' स्प्रेही येतो. 'पारा उडाला' हे आपण कुठल्याही डागाळलेल्या आरशाला म्हणतो, पण या काळच्या आरशात खरोखरच पारा असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने काचेवर चांदी बसवण्याची रासायनिक रीत १८३५ मध्ये मांडली; त्याआधीचे आरसे कथील आणि पाऱ्याच्या मिश्रणाचे, आणि ते पुढेही कित्येक दशके होत राहिले. पाठ रंगाविना, राखाडी, साखरेच्या दाण्यासारखी चमकणारी असेल आणि खालच्या कडेला बारीक थेंब असतील तर ते हेच. त्यावर स्प्रे मारला तर उरलेले कथील सुटते आणि डाग झाकलाही जात नाही. मागे ॲल्युमिनियमची चंदेरी फिल्म लावणे त्याहून वाईट, कारण पारा ॲल्युमिनियमला कुरतडतो. पाऱ्याचा थेंब सोन्याला लागला तर तिथे पांढरा डाग उमटतो, म्हणून मुलाम्याचे काम आरसा बाहेर काढल्यावरच करावे. हा आरसा उभा ठेवावा, जसा लटकत होता तसाच, वरची बाजू वर. थेंब सापडलेच तर नायट्राइलचे मोजे घालून ड्रॉपरने झाकणबंद काचेच्या बाटलीत घ्यावेत. झाडू आणि व्हॅक्यूम वापरू नये, दोन्ही पारा खोलीभर पसरवतात. प्रतिबिंब स्वच्छ हवेच असेल तर नवा पातळ आरसा बसवावा आणि जुना फेकू नये, वेगळा बांधून चौकटीसोबत ठेवावा.

परत बसवताना काचेच्या कडेला ऊनी फेल्टची पट्टी, रंगीत काच आणि मागची फळी यांच्यात किमान ५ मिलिमीटर हवा, आणि मूळ चुका मूळच्याच भोकांत, ठोकून नव्हे तर पक्कडीने दाबून. वजन आधी मोजावे: काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे २.५ किलो भरते, म्हणजे १२० बाय ६० सेंटिमीटरचा ३ मिलिमीटर आरसा एकटाच सुमारे साडेपाच किलो, चौकट वेगळी. जुनी वरची कडी कितीही मजबूत दिसली तरी ती खडूत बसलेली असू शकते. दोन नव्या कड्या बाजूच्या लाकडी दांड्यांना, वरून एक-तृतीयांश अंतरावर, स्क्रूने बसवाव्यात. भिंत बाहेरच्या बाजूची, ओल धरणारी नको, आणि उन्हाचा पट्टा रंगीत काचेवर दिवसातून एकदाही पडू नये.